आधी गेली ती जागा

मुंबईत रॉक किंवा रॅप ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला एकच प्रश्न विचारावा : ‘सगळं बिघडलं कधी?’ उत्तर तत्काळ मिळतं आणि प्रत्येकाचं वेगळं मिळतं. सत्तरीतला म्हणतो, डिस्को आला तेव्हा. पन्नाशीतला म्हणतो, एमटीव्ही हिंदीकडे वळलं तेव्हा. चाळिशीतला ‘रॉक ऑन’चं नाव घेतो आणि तिशीतला ‘गली बॉय’चं. चौघांची सालं निराळी, तक्रार एकच. आमचं होतं तोवर अस्सल होतं, पैसा शिरला आणि विटलं. आता गंमत पाहा. प्रत्येकाचं हे ‘बिघडलं’ साल त्याच्या पंचविशी-तिशीच्या आसपास येतं. नोकरी लागली, लग्न झालं, रात्री अकराला घरी परतायची सवय लागली, नेमकं तेव्हाच संगीतही बिघडलं!

तरीही ही तक्रार थट्टेवारी न्यावी अशी नाही. काहीतरी खरोखरच गेलं आहे. प्रश्न इतकाच की काय गेलं, आणि ते नेलं कुणी. दोषी म्हणून बाजाराकडे बोट दाखवणं सोपं असतं, कारण तो गुन्ह्याच्या जागी हजर सापडतो. पण धोबी तलावाचं रंगभवन, गोव्यातलं हणजूण आणि कुर्ला-धारावीच्या गल्ल्या या तीन ठिकाणांचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा माग काढला, तर क्रम थोडा वेगळा दिसतो. आधी जागा जाते, बाजार नंतर येतो आणि रिकाम्या झालेल्या चौकात तंबू ठोकतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली, आणि पुढे त्या साऱ्या हालचालीला नाव पडलं ते कुठल्या नाटककाराचं किंवा संस्थेचं नाही, त्या शाळेचं. छबिलदास चळवळ. सभागृह गेलं, नाटकं इतरत्र होत राहिली, पण छबिलदास म्हणून जे होतं ते पुन्हा जुळून आलं नाही. संगीतातही तसंच घडलं आहे, फक्त त्याची नोंद मराठीत फारशी झालेली नाही.

सिगारेटच्या पैशावरची बंडखोरी

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागतो. बाजाराने न शिवलेला असा काळ या संगीताच्या वाट्याला कधी आलाच नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, शिलाँग अशा शहरांत पोरांचे ‘बीट ग्रूप’ निघाले होते. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांची गाणी हुबेहूब वाजवायची, ही त्यांची पहिली महत्त्वाकांक्षा. या गटांना देशपातळीवर एकत्र आणलं ते ‘सिमला बीट’ स्पर्धेने, आणि सिमला हे एका सिगारेटचं नाव होतं. 1970 आणि 1971 साली या स्पर्धेतल्या गटांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेंटोन्स हे आज संग्राहकांच्या तोंडी असलेले गट आपल्याला ऐकू येतात ते त्या तबकड्यांमुळे. म्हणजे भारतातल्या गॅरेज रॉकचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज मुळात तंबाखूची जाहिरात होती.

त्याच सुमारास, 1971 साली, लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मैदानी महोत्सव झाला. अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाची बातमी इथवर पोचली होती, तिचा हा देशी पडसाद. पुढच्याच वर्षी लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांबरोबर वाजवलंही. जगातला त्या वेळचा सर्वांत मोठा रॉक बँड कुलाब्याच्या एका लहानशा खोलीत वाजवून जातो आणि शहराला त्याचा पत्ता लागत नाही. अशा गोष्टींवरच आठवणींचं साम्राज्य उभं राहतं.

या पिढीतला मराठी माणूस म्हणजे नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा ‘सॅव्हेजेस’, ‘वेल्वेट फॉग’ अशा गटांतून इंग्रजी रॉक गात होता. 1974 साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणलं, त्यात तो ज्यूडास झाला. आणि 1978 साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ब्रेश्टवर बेतलेला पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तेव्हा जब्बार पटेलांना हाच रॉकवाला गायक-नट हवासा वाटला. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एका रंगमंचावर आले. दोन दुनियांमध्ये भिंत आहे असं आपण धरून चालतो. भेंड्यांचा पोरगा त्या भिंतीतून सहज ये-जा करत होता.

पण त्याच्यासारखे अपवादच. बीट ग्रूपांची दुनिया कॉन्व्हेंटची, जिमखान्यांची, अँग्लो-इंडियन, पारशी, गोवेकर ख्रिस्ती आणि इंग्रजी बोलणाऱ्या उच्चभ्रू घरांची होती. साधनांची टंचाई मात्र सर्वांना सारखी होती. परदेशी वाद्यांवरचं आयात शुल्क परवडण्यातलं नव्हतं. कलकत्त्याच्या गिव्हसन गिटारवर हात बसवायचा, ॲम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांतून जोडायचा, आणि परदेशातून येणाऱ्या मामाच्या बॅगेत तारांचा एखादा संच असावा म्हणून वर्षभर पत्रं लिहायची. या टंचाईला आज एक रम्य रंग चढला आहे. त्या वेळी मात्र ती शुद्ध कटकट होती.

रंगभवन

धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह होतं, रंगभवन. वर आकाश, समोर पायऱ्यांची बैठक, पलीकडे लोकलच्या दोन मोठ्या स्थानकांचं चालण्याइतकं अंतर. निरंजन झवेरींचा ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव 1978 साली इथेच सुरू झाला. मार्च 1980 मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड इथे वाजवून गेला. दक्षिण मुंबईतली ही जागा मोक्याची होती, सरकारी असल्यामुळे परवडणारी होती, आणि विरार असो की कल्याण, शेवटची गाडी पकडून घरी जाता येत होतं. तिच्या मोठेपणाचं निम्मं रहस्य या तिसऱ्या गोष्टीत आहे. जागेची किंमत भाड्यात मोजतात, पण श्रोत्याच्या लेखी ती परतीच्या प्रवासात मोजली जाते.

1986 साली ‘मिराज’ या बँडचा गायक फरहाद वाडिया याने रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणून हे नाव. पुढे पोरांनी त्याचं ‘आय-रॉक’ केलं. ऑगस्टचा पाऊस, उघडं नाट्यगृह, काळे टी-शर्ट आणि दिवसभर एकामागून एक चढणारे बँड. ज्या बँडला आय-रॉकमध्ये जागा मिळाली नाही, तो अजून बँड झालेला नाही, असा एक अलिखित दंडक झाला. आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’तली स्पर्धा आणि झेवियर्सचा ‘मल्हार’ या पायऱ्या, आय-रॉक हा कळस.

या काळाचा सर्वांत मोठा बँड ‘रॉक मशीन’. 1984 साली सुरू झालेला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. या बँडचं ऐतिहासिक काम असं की तो स्वतःची गाणी वाजवू लागला. आज हे वाक्य बिनमहत्त्वाचं वाटेल. पण तेव्हाचा श्रोता, ज्याला आपण आता रसिकतेचं शिखर समजतो, तो नव्या गाण्यावर ओरडून पाश्चात्त्य बँडच्या गाण्याची फर्माईश करायचा. मूळ गाण्याला दाद मिळवणं ही चळवळीची पहिली लढाई होती, आणि ती स्वतःच्याच श्रोत्यांशी होती. 1988 साली सीबीएस कंपनीने रॉक मशीनचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. पुढे बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, आवाजात इथली वाद्यं आली, व्हिडिओ एमटीव्हीवर झळकले. मग संधी आटली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँड थांबला. थांबायचं कारण बाजार आला हे नव्हतं. बाजार आला तो इंडिपॉप आणि हिंदी सिनेमासाठी, यांच्यासाठी आलाच नाही.

नव्वदच्या दशकात या दुनियेला स्वतःची टपाल व्यवस्था मिळाली. 1993 साली अमित सैगल याने अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढलं. अलाहाबाद! मुंबई नाही, बंगळूर नाही. या मासिकाने शिलाँगच्या पोराला पुण्याचा बँड माहीत करून दिला, आणि ‘ग्रेट इंडियन रॉक’ नावाने वेगवेगळ्या शहरांतल्या बँडना एका कॅसेटवर आणि एका मंचावर आणलं. कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे जायची, दुसरा ती उतरवून घ्यायचा, तिसरा त्या उतरवलेलीवरून उतरवायचा. चौथ्याच्या हातात पोचेपर्यंत झांजांचा आवाज पुसट झालेला असे. पण चौघांची ओळख झालेली असे, आणि ती फुकट होती.

या काळातल्या मुंबईत ‘पेंटाग्राम’ होता, ‘ब्रह्मा’ होता. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’सारख्या ठिकाणी आठवड्याचा एखादा दिवस रॉकसाठी राखलेला असे. पुढे 2000 साली साहिल मखिजाने ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल बँड काढला, मागोमाग ‘भयानक मौत’ आला. ज्या नावावर आईवडिलांचा हमखास आक्षेप होईल, ते नाव बँडला ठेवण्याची मजा त्या पिढीने मनसोक्त लुटली.

शंभर मीटर

रंगभवन बंद पडण्याची कथा कुठल्याही भांडवलदाराशिवाय पूर्ण होते. 2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या भिंतीला कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जी. टी. रुग्णालयं. नियमाच्या दृष्टीने शहरातल्या सर्वांत चुकीच्या जागी हे नाट्यगृह उभं होतं. या शतकाच्या सुरुवातीलाच तिथले मोठे कार्यक्रम थांबले.

नियमाला दोष द्यायचा का? कामा रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर हा नियम अगदी रास्त आहे. पण त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सूट देता येते, आणि ती गणपती-नवरात्रासारख्या सणांना मिळते. ज्यांच्या पाठीशी मतं आहेत त्यांना सवलत मिळते. रॉकवाल्यांच्या पाठीशी काळे टी-शर्ट तेवढे होते. एक जागा गेली, हे एकवेळ समजण्यासारखं आहे. तिच्या बदली दुसरी दिली गेली नाही, आणि मागितलीही गेली नाही, हा खरा प्रकार आहे. आय-रॉक नंतर अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी भरलं, पण हक्काचं अंगण सुटलं ते सुटलंच.

आणि आता, या क्षणी, बाजार आत येतो. सरकारी नाट्यगृह नाही म्हटल्यावर खाजगी मैदान भाड्याने घ्यायचं. पोलीस, वाहतूक, अग्निशमन, उत्पादन शुल्क, संगीताच्या हक्कांचे परवाने अशा दारोदार फेऱ्या मारायच्या. एवढा खर्च पोरांच्या वर्गणीत बसत नाही. प्रायोजक लागतोच. तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वाला 2003 च्या कायद्याने बंदी आली होती. दारूच्या थेट जाहिराती दूरचित्रवाणीवरून 2000 सालीच हद्दपार झाल्या होत्या. मग मद्य कंपन्या आपल्या ब्रँडच्या नावाने ‘म्युझिक सीडी’ विकत असल्याचं दाखवू लागल्या. सीडी हे निमित्त होतं, पण निमित्ताला खरं ठरवायला कुठेतरी संगीत वाजणं भाग होतं. दारूचा अडलेला पैसा असा संगीताकडे वळला. 2010 च्या डिसेंबरात पुण्याच्या कोरेगाव पार्कात पहिला ‘एनएच7 वीकेंडर’ संगीत महोत्सव झाला, त्याच्या नावाआधी रमचं नाव होतं. तो भरवणारी ‘ओन्ली मच लाउडर’ ही कंपनी मुळात बँडचं व्यवस्थापन करणाऱ्या तरुणांची. आतल्या माणसांनीच बाजार उभा केला, कारण त्याशिवाय वाजवायला जागाच उरली नव्हती.

2007 च्या डिसेंबरात लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचं ठिकाण उघडलं. उत्तम ध्वनियंत्रणा, वादकांना वेळेवर मानधन. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘रॉक ऑन’ हा हिंदी सिनेमा आला. जुन्या रॉकवाल्यांनी नाकं मुरडली. पण ब्लू फ्रॉगने वादकाला जे दिलं, ते रंगभवनाने कधी दिलं नव्हतं : कामाचे पैसे. फरक इतकाच की रंगभवनाच्या पायरीवर बसायला कॉलेजच्या पोराचा खिसा पुरायचा, इथे त्याला एका बिअरच्या किमतीचा विचार करावा लागे. आणि गिरणगावातल्या बंद गिरणीच्या छपराखाली हे सारं चालायचं, हा या शहराचा वेगळाच हिशेब. ब्लू फ्रॉगही 2016 साली बंद झालं. त्याच वर्षी काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचं दुकान मिटलं. म्हणजे ज्या बाजारावर आपण रागावतो, त्यालाही या शहरात जागा टिकवता आली नाही.

त्या पिढीतले लोक आज कुठे आहेत? पेंटाग्रामचा विशाल दादलानी हिंदी सिनेमाचा संगीतकार झाला. ब्रह्माचा गायक देवराज सन्याल युनिव्हर्सल म्युझिक इंडियाचा प्रमुख झाला. याला कुणी विश्वासघात म्हणतात. मला ती शिकवणीची फळं वाटतात. पदरमोड करून ध्वनियंत्रणा आणायची, भित्तिपत्रकं चिकटवायची, पोलिसांना समजावायचं आणि मग गायचं, हे ज्याला जमलं त्याला कंपनी चालवणं अवघड जात नाही.

हणजूणची चटई

गोव्याची कथा निराळ्या मातीतली आहे, पण तिचा सांगाडा तोच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतले हिप्पी हिवाळ्यात हणजूणला येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही 1970 च्या सुमारास आला आणि ‘गोवा गिल’ होऊन राहिला. 2023 साली तो वारला. किनाऱ्यावर आधी गिटार आणि रॉक होतं. ऐंशीच्या दशकात काही डीजेंनी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर आणलं, त्यातले गाण्याचे शब्द कापून टाकले आणि नुसता ताल रात्रभर ताणला. तबकड्या इथल्या उकाड्यात वाकायच्या, म्हणून आधी कॅसेट आणि नंतर डॅट टेप. गरम हवेने संगीताचं तंत्र ठरवलं, तंत्राने आवाज ठरवला, आणि नव्वदच्या दशकात तो आवाज ‘गोवा ट्रान्स’ या नावाने लंडन आणि तेल अवीवला पोचला. 1994 च्या डिसेंबरात ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओवर ‘गोवा मिक्स’ वाजवलं, तेव्हा हणजूण हे गाव आता ब्रँड झाल्याची द्वाही फिरली.

या पार्ट्यांच्या आठवणींत एक चित्र नेहमी येतं. नाचणाऱ्यांच्या भोवती गावातल्या बायका चटया अंथरून बसायच्या. शेगडीवर चहा, ऑम्लेट-पाव, शेजारी रॉकेलचा दिवा. परदेशी माणूस दमला की चटईवर टेकायचा. त्या चटईला तिकीट नव्हतं, आणि तिचा पैसा गावात राहत होता. प्रायोजक नाही, कुंपण नाही, हातात पट्टा बांधणारा कुणी नाही. व्यवहार होता, पण तो एका शेगडीएवढा होता.

मात्र या चित्राला दोन तडे आहेत आणि दोन्ही पुस्तकांत नोंदलेले आहेत. क्लिओ ओड्झर या अमेरिकन बाईने सत्तरच्या दशकातल्या हणजूणच्या आठवणी ‘गोवा फ्रीक्स’मध्ये 1995 साली लिहिल्या. तो निरागस स्वर्ग बऱ्याच अंशी अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारावर पोसला होता, हे त्यातून लख्ख दिसतं. बाजाराआधीचा म्हणून ज्या काळाची आपण पूजा करतो, त्याच्या तळाशी जगातला सर्वांत निर्दय बाजार होता. दुसरं पुस्तक अरुण साल्ढाणा यांचं ‘सायकेडेलिक व्हाइट’, 2007 सालचं. पहाट झाली की नाचाची जागा हळूहळू गोऱ्या नेहमीच्या मंडळींची होते आणि देशी पर्यटक कडेला सरकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष तिथे राहून टिपलं. दारावर पहारेकरी नव्हता, तरी दार होतं.

इथेही जागा गेली ती रात्री दहाच्या नियमाने आणि जमिनीच्या भावाने. रात्रभर चालणारं उघडं संगीत बेकायदा ठरलं. माडांखालची मोकळी जागा बांधकामाखाली गेली. जे संगीत पहाटेसाठी बनलं होतं, ते बंद खोलीत किंवा दिवसाउजेडी कुंपणात शिरलं. त्यानंतर, 2007 च्या डिसेंबरात, कांदोळीला ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव झाला. पुढे तो वागातोरला गेला, 2016 साली पुण्याजवळ केसनंदला आला, परत गोव्यात गेला. ज्या महोत्सवाला गाव लागत नाही, त्याला कुठलंही गाव चालतं. चटईवाल्या बाईला मात्र कुंपणाच्या आत जागा नाही. आत पाण्याची बाटली कुठल्या कंपनीची विकायची, हेही करारात ठरलेलं असतं.

कुर्ला, धारावी, ताडीवाला रोड

रॅपची गोष्ट अलीकडची, म्हणून आठवणींचा लेप अजून ओला आहे. मुंबईतला रॅप आधी इंग्रजीत होता, इंटरनेट कॅफेत बसून ऑर्कुटवर शब्दांच्या लढाया खेळणाऱ्यांचा. मग तो हिंदीत आला, म्हणजे खरंतर मुंबईच्या रस्त्यावरच्या बोलीत आला. 2013 साली अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन ‘ये मेरा बॉम्बे’ घेऊन आला. 2014 च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नेझीने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच आयपॅडवर चित्रित केलं. 2015 साली दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, ते एका बड्या कंपनीकडून. 14 फेब्रुवारी 2019 रोजी झोया अख्तरचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला आणि फिल्मफेअरची तेरा पारितोषिकं घेऊन गेला. आयपॅडपासून फिल्मफेअरपर्यंतचं हे सारं अंतर सहा वर्षांत कापलं गेलं. रॉकला जे पंचवीस वर्षांत जमलं नाही ते रॅपने असं केलं, कारण त्याला ड्रमसेट लागत नव्हता, भाषेचा अडसर नव्हता, आणि रंगभवनाची गरज नव्हती.

खरंच नव्हती? रॅपवाल्यांचं रंगभवन म्हणजे सायफर. वर्तुळ करून उभं राहायचं, एकाने तोंडाने ताल धरायचा, बाकीच्यांनी आळीपाळीने जोडायचं. त्यासाठी बागेचा कोपरा, पूल, शाळेमागचं मैदान, स्थानकाबाहेरचा कट्टा यांतलं काहीही चालतं. पण तेही लागतंच. आणि शहरातून अशा फुकटच्या जागा झपाट्याने कमी होत आहेत. बागेला वेळेचं बंधन आणि पहारेकरी, मैदानाला कुंपण आणि आरक्षण, कट्ट्यावर खिळे. दहा पोरं एकत्र उभी दिसली की पहिला प्रश्न असतो, ‘इथं काय करताय?’ आणि पोरांचे आडनाव-पत्ते धारावीचे असले की तो दरडावून विचारला जातो.

या दुनियेत ‘स्वदेसी’ हा गट मला महत्त्वाचा वाटतो. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत ते रॅप करतात. त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर झालं. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याचा वाद तापला होता, तेव्हा हा रॅप नुसता स्वतःच्या गल्लीची बढाई मारत नव्हता, जागेबद्दलच बोलत होता. या गटातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, 2022 च्या मार्चमध्ये चोविसाव्या वर्षी गेला.

पुण्यात ताडीवाला रोडच्या वस्तीतून एमसी स्टॅन आला आणि 2023 साली ‘बिग बॉस’ जिंकला. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. 2024 साली श्रेयस आणि क्रेटेक्स यांच्या ‘तांबडी चामडी’ने मराठी शब्द थेट युरोपीय नृत्यसंगीताच्या ठेक्यावर बसवले, आणि स्पिनिन या डच कंपनीने ते प्रसिद्ध केलं. ज्या रंगभवनात भर मुंबईत वीस वर्षं मराठी गाणं जवळजवळ ऐकूच आलं नाही, त्या परंपरेच्या नातवंडांनी बाजारात उतरून मराठी आणली. हे जुन्या आठवणींना अवघड जाणारं सत्य आहे.

जमाखर्च

म्हणून आठवणींचा जमाखर्च मांडताना दोन्ही रकाने भरले पाहिजेत. जमेच्या बाजूला बाजाराने बरंच टाकलं. वादकाला मानधन मिळालं. ध्वनियंत्रणेत शिट्टी वाजेनाशी झाली. मुली मोकळेपणी येऊ लागल्या. जुन्या आय-रॉकच्या गर्दीत बायका किती असायच्या आणि त्यांना काय काय झेलावं लागायचं, हे त्या काळच्या बाप्यांच्या आठवणींत कधीच येत नाही. बायकांच्या आठवणींत ते सर्वांत आधी येतं. इंग्रजीचं दार उघडलं. कुर्ल्याचा पोरगा आणि ताडीवाला रोडचा पोरगा मंचावर आला, जिमखान्याच्या फाटकातून त्याला आत घेणारं कुणी नव्हतं.

खर्चाच्या बाजूला एकच नोंद आहे, पण ती मोठी आहे. वाईट वाजवण्याची सोय गेली. रंगभवन, कॉलेजचं सभागृह, किनाऱ्यावरची चटई, पुलाखालचं वर्तुळ या सगळ्या ठिकाणी नवशिक्याला चारचौघांसमोर फसता येत होतं. पहिल्यांदा बेसूर, दुसऱ्यांदा बेताल, पाचव्यांदा बरं. ऐकणारेही त्यातलेच, उद्या तेच मंचावर जायचे. तिकीट महागलं की श्रोता गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाला कच्चा माल चालत नाही. आज महोत्सवाच्या मंचावर चढणाऱ्याने आधीच लाखांची प्रेक्षकसंख्या जमवून आणावी लागते. म्हणजे फसण्याची जागा आता मोबाइलमध्ये आहे. तिथे माणूस एकटा फसतो आणि फसलेलं कायमचं साठून राहतं.

तेव्हा बाजाराला शिव्या देऊन फार काही हाती लागणार नाही. सिमला सिगारेट होती, चोरटा व्यापार होता, दारूच्या सीड्या होत्या. पैसा नेहमीच आसपास होता. तो दादागिरी करू लागला ते सार्वजनिक, स्वस्त, गाडीने जाण्यासारखी जागा नाहीशी झाल्यावर. ती परत आणणं हे काही क्रांतीचं काम नाही. महापालिकेच्या शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलपात असतात. बंदिस्त, आवाज बाहेर न जाणारी लहान सभागृहं बांधता येतात, म्हणजे बाळंतिणीलाही त्रास नको आणि ड्रमवाल्यालाही. शंभर माणसांच्या कार्यक्रमाला दहा हजारांच्या महोत्सवाचेच परवाने लागू नयेत, असा नियम करता येतो. नाटकवाल्यांनी अशा मागण्या वर्षानुवर्षं केल्या, थोड्या पदरातही पाडून घेतल्या. संगीतवाल्यांनी मागितलंच नाही, कारण बंडखोराने अर्ज करायचा नसतो, असा त्यांचा समज होता.

तो समज आता सोडायला हरकत नाही. रंगभवनात भिजलेली ती पोरं आज पन्नाशीला आली आहेत. त्यांच्याकडे पद आहे, ओळखी आहेत, वॉर्ड ऑफिसात फोन लावण्याचं वजन आहे. त्यांच्यातले कितीतरी हाउसिंग सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर आहेत, आणि तळमजल्यावरच्या खोलीत कुणाचा तरी मुलगा ड्रम बडवतो म्हणून आलेला तक्रारअर्ज त्यांच्याच टेबलावर पोचतो. जुन्या दिवसांबद्दलचं प्रेम खरं आहे की नुसतं हळवेपण, याची परीक्षा त्या अर्जावर काय शेरा मारला जातो यात आहे. ‘बंद करावे’ असं लिहायला एक ओळ पुरते. ‘आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, सोसायटीच्या हॉलमध्ये’ असं लिहायलाही एकच ओळ लागते.